न पाझरणारा माठ

हसायचं असंल तर आत्ताच हसून घ्या. शेवटाला आलो की माझं मलाच हसू येत न्हाय. आणि ह्यात गाढव कोण, ते शोधत बसू नका. तो मीच! बावीस वर्षं विज्ञान शिकवणारा, कळंब तालुक्यातल्या एका शाळेतला सर.

त्याचं असं झालं. फेब्रुवारीत आम्हा शिक्षकांचं लातूरला प्रशिक्षण होतं. प्रशिक्षण म्हणजे काय असतं ते तुम्हाला माहितीय. सही करायची, जेवायचं आणि मागच्या बाकावर बसून एक डुलकी काढायची. पण ह्या खेपेला एक तरुण प्राध्यापक आले आणि नॅनो कणांवर असं काही बोलले, की मी चक्क जागा राहिलो!

काय एकेक सांगत होते हो! डोळ्याला दिसणार न्हायत एवढाले कण. रंगात घातले की रंग उडत न्हाय. सिरॅमिकची भुकटी प्लास्टिकात घातली की प्लास्टिक कडक होतं. आणि कशावर त्या कणांचा थर दिला, की पाणी तिथं टिकतच न्हाय, अळूच्या पानावरून घरंगळतं तसं घरंगळून जातं. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि माझं डोकं फिरलं. घरी येताच पहिलं काम काय केलं? त्या थराच्या द्रावणाचे डबे मागवले.

मग जे सुटलो! चष्म्याला लावलं, मोटारसायकलला लावलं, खिडक्यांना लावलं. एक दिवस शर्टाला लावलं आणि बायकोला म्हटलं, "बघ आता." अन् अर्धा कप चहा स्वतःच्या अंगावर ओतला. शर्ट एकदम कोरडा! चहा गेला खाली चटईवर.

"आता चटईलाबी लावा," सुनंदा म्हणाली. "मग फरशीला लावा. चहा जाऊ द्या सरळ शेजाऱ्यांच्या घरात."

तेवढ्यात माझी नजर स्वयंपाकघरातल्या माठाकडं गेली. तिवईवर माठ, माठाच्या बुडाला ओल आणि खाली थेंब थेंब साचलेली थाळी. आपल्या भागात पाण्याचे हाल, टँकरची वाट बघणारी माणसं आपण, आणि हा माठ दिवसरात्र पाणी गाळतोय! मला वाटलं, हा तर सरळ सरळ दोष आहे. इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसा आला न्हाय?

तडक दत्तूकडं गेलो. दत्तू म्हणजे आमच्या गावचा कुंभार, आणि माझा जुना विद्यार्थी. तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, पण मला बघितलं की अजून हातातलं काम टाकून उभा राहतो. त्याच्या बापाच्या माठांचं कळंबच्या बाजारात नाव होतं आणि ते नाव दत्तूनं राखलं होतं. त्याच्या घराचं वर्षाचं पोट उन्हाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांवर. त्या वेळी त्याचे दीडशेच्या वर माठ थापटून, भाजून, अंगणात रांगेनं तयार होते.

"दत्तू, तुझ्या माठात एक दोष हाय," मी म्हणालो.

"कुठला सर?"

"पाझरतो."

दत्तू जरा गोंधळला. "सर, पाझर तर पायजेलच की, त्याबिगार..."

"थांब. आधी पूर्ण ऐकून घे."

"व्हय सर."

खिशात खडू होताच. त्याच्याच एका माठावर मी चित्र काढलं. ही मातीची भिंत, ही बारीक छिद्रं, हे नॅनो कण छिद्रांत जाऊन बसले, झालं, पाणी बंद! अर्धा तास शिकवलं. दत्तू हाताची घडी घालून ऐकत होता. त्याची आई उंबऱ्यात बसली होती, ती म्हणाली, "सर, बिनपाझराचा माठ आमच्या सासऱ्यानंबी कधी केला न्हाय."

"म्हणूनच तर मावशी, आता आपण करायचा!"

काय ती माझी ऐट! दुसऱ्या दिवशी मी डबे घेऊन हजर. शाळा सुटल्यावर रोज जायचो. आतून-बाहेरून दोन-दोन हात दिले, एक माठ सोडला न्हाय. डब्यावर 'भांड्यांना चालतं' असं लिहिलेलं, तेवढं मी नीट वाचलं होतं. बाकी विचार करायला मी विज्ञानाचा माणूस, मला विचार करायची गरज काय?

आठवडी बाजारात मी स्वतः दत्तूच्या शेजारी उभा राहिलो. माठात पाणी भरलं, खाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि आवाज दिला, "बघा हो, एक थेंब गळत न्हाय! अंगावर पाणी टाका, मोत्यासारखं पळतंय!" लोक गोळा झाले. बायका बोटांनी थेंब पळवून बघायला लागल्या. पोरांची तर जत्राच.

एक पटकेवाला म्हातारा पुढं आला. "गुरुजी, पाझरंना म्हणल्यावर गार कसं व्हयाचं?"

"आजोबा, हे नॅनो हाय," मी म्हणालो.

म्हातारा बिचारा पटका सावरत मागं सरला. आता ह्यावर तो काय बोलणार? उन्हं उतरायच्या आत सगळे माठ संपले. दत्तूच्या बापालाही एका दिवसात एवढे माठ खपवता आले नव्हते. मी छाती फुगवून घरी आलो आणि सुनंदाला म्हटलं, "बघितलंस?" ती म्हणाली, "बघू."

तिसऱ्या दिवशी पहिला फोन.

"सर, त्या माठातलं पाणी कोमट लागतंय."

"नवा माठ हाय. दोन दिवस जाऊ द्या."

दोन दिवसांनी पुन्हा. "सर, तसंच हाय."

"सावलीत ठेवा."

"घरातच हाय की! माठ उन्हात कोण ठेवतंय?"

"मग खिडकीपाशी, वाऱ्याला ठेवा."

"ठिवला. आता वारंबी गरम अन् पाणीबी गरम."

फोनवर फोन. एकाला सांगितलं, भोवती ओलं पोतं गुंडाळा. त्यानं गुंडाळलं आणि पाणी गार झालं म्हणून आनंदानं कळवलंही! आता मला सांगा, ते का गार झालं, एवढं तरी माझ्या टाळक्यात शिरावं की न्हाय? न्हाय शिरलं. मी उलट सगळ्यांना पोतं सांगत सुटलो. एकीनं तर कळवलं, "सर, सासूबाई खूश हायत. सकाळी उनउन पाणी भरून ठिवलं तर अंघोळीपर्यंत उनच ऱ्हातंय." तेही मी कौतुक समजून घेतलं.

पुढच्या बाजाराला माठ परत यायला लागले. मोटारसायकलवर मांडीत धरून, टमटममधून, डोक्यावरून. मी समोर मेथीची जुडी निवडत होतो. मला बघून लोक काय म्हणाले माहितीय? "नमस्कार सर!" आणि तीच माणसं चार पावलं पुढं जाऊन दत्तूवर तुटून पडत होती. "तुझा बाप असता तर असला माल विकला नसता रं!" दत्तू खाली मान घालून एकेक माठ उतरवून घेत होता. माझं नाव त्यानं एकदाही काढलं न्हाय. सरांनी लावलंय, एवढं म्हणला असता तरी सुटला असता.

आणि मी? मी तिथनं पुढं झालो न्हाय. काय विचार करत होतो म्हणाल? थर पातळ झाला असंल, अजून एक हात द्यावा!

रविवारी सकाळी आठवीचे पेपर तपासायला बसलो. प्रश्न चौथा, शास्त्रीय कारण लिहा: माठातलं पाणी गार का होतं? एका पोरीनं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. माठाच्या छिद्रांतून पाणी पाझरतं, बाहेर त्याचं बाष्पीभवन होतं, त्याला लागणारी उष्णता आतल्या पाण्यातून घेतली जाते, म्हणून ते गार होतं. मी बरोबरची खूण केली, पैकीच्या पैकी गुण दिले, बाजूला 'छान' असं लिहिलं आणि पान उलटलं.

मग पान परत मागं उलटलं.

सुनंदा पोहे घेऊन आली, तर मी तसाच बसलेलो. "काय झालं? तब्येत बरी न्हाय का?" मी पेपर तिच्यापुढं धरला. तिनं वाचला आणि पहिल्यांदाच ती माझ्यावर हसली न्हाय. म्हणाली, "आधी दत्तूकडं जाऊन या."

गेलो. परत आलेले माठ अंगणाच्या भिंतीला लावून ठेवलेले. अक्षय्य तृतीया तोंडावर आलेली, त्या दिवशी घरोघर नवा माठ लागतो, आणि गिऱ्हाईक दुसऱ्या कुंभाराकडं निघून गेलेलं. दत्तू माती चाळत होता. मला बघून उठला. तो उठला, ह्याचंच मला लई वाईट वाटलं.

"दत्तू, चुकलो रे. लई मोठं चुकलो."

"ऱ्हाऊ द्या सर."

"नवे होतील?"

"व्हतील की. माती भिजवून, चाकावर चढवून, भाजून हुस्तोवर पाऊस यील."

"मग हे सगळे मी घेतो."

"एवढ्या माठाचं काय करचाल सर तुमी?"

 तिथंच चाळलेल्या मातीशेजारी बसलो आणि जे विचारायला घाबरत होतो ते विचारलं. "तुला माहीत होतं? असं होणार म्हणून?"

"कुंभाराच्या घरात जलमलोय सर."

"अरे, मग तू माझा हात का धरला न्हाईस? मला हाकलून का न्हाय दिलंस?"

दत्तूनं चाळणी खाली ठेवली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "सर, तुमी आमाला आठवीला असाच प्रश्न घातला व्हता. म्या लिवलं, माठ पाझरतो, पाझरल्यालं पाणी वाऱ्यानं वाळतं, म्हणून आतलं गार ऱ्हातं. तुमी लाल काट मारली. बाजूला लिवलं, बाष्पीभवन हा शब्द कुठंय, शून्य. समद्या वर्गाला वाचूनबी दावलं. तवापास्नं मला वाटतंय सर, माठातलं आपल्याला काय बी कळत न्हाय."