उंबऱ्यापासूनचे नव्वद दिवस

माझी बायको व्हिएतनामची. तिकडच्या एका साखर कारखान्यात यंत्रं बसवायला गेलो आणि तिथंच लग्न केलं. मी आधी परत आलो. लग्नाचे कागद शिक्क्यांसाठी दोन देशांत फिरत होते, तोवर ती टुरिस्ट व्हिसावर येणार होती. नवऱ्याच्या घरी पर्यटक म्हणून. एका खेपेला नव्वद दिवस, त्यावर एकही नाही, असं व्हिसावर स्पष्ट लिहिलं होतं.

तिचं विमान मुंबईला उतरलं तेव्हा अमावस्या तोंडावर होती. आईचा फोन आला, “अवसंच्या तोंडावर नवी सून उंबऱ्यात न्हाय घ्यायची. पाच दिवस बहिणीकडं ऱ्हावा.” मी चिडलो, पण आईशी वाद घालून मी आजवर एकदाही जिंकलेलो नाही. आम्ही पुण्यात बहिणीकडे राहिलो. सहाव्या दिवशी उचगावच्या घरात सुनेनं माप ओलांडलं आणि संध्याकाळी आईनं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पहिली फुली मारली. घरातले दिवस त्या फुलीपासून मोजले जाऊ लागले. परतीचं तिकीटही मी त्या फुल्या बघूनच काढलं. कारखान्यात मिलिमीटरचा फरक पकडणाऱ्या माझ्या मनात पासपोर्ट उघडायचं आलं नाही.

ती सासूला ‘आत्ती’ म्हणायला शिकली. बाकी सगळं दोघींचं खुणांवर चालायचं. एक दिवस तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आईला वर्षभर अंगावरून जातंय. मी त्याच घरात जेवत, झोपत होतो. आईनं मला सांगितलं नव्हतं, सुनेला खुणांनी सांगितलं. मला स्वतःची लाज वाटली.

डॉक्टरांनी गर्भपिशवी काढायला सांगितली. अंगात रक्त फार कमी, ते औषधांनी वाढल्याशिवाय भूल देणार नव्हते. तिकिटाच्या तीन दिवस आधीची तारीख मिळाली. पहिले तीन दिवस सून आणि पुढं बहीण, तिला त्याआधी रजा नव्हती. आईची एकच अट होती. “माझं सगळं सून करंल. तू हात लावायचा न्हाय.”

ऑपरेशनला पाच दिवस असताना बायको आपली बॅग भरून ठेवत होती. तिनं पासपोर्ट माझ्यापुढं धरला आणि विमानतळावरच्या शिक्क्यावर बोट टेकवलं. मी मोजलं, परत मोजलं. तिचा नव्वदावा दिवस ऑपरेशनच्या दोन दिवस आधी संपत होता.

मी परदेशी माणसांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत धावलो. तिथल्या साहेबांनी चहा मागवला, आईचे रिपोर्टही वाचले.

“पावणं, शिक्का विमानतळावर पडला की दिवस सुरू. तुमचा उंबरा कोण इचारतंय?”

“पाच दिवस तरी वाढवा.”

“ह्यो व्हिसा वाढत न्हाय. एक दिवस जादा ऱ्हायल्या तर पुढच्या वेळी अडवतील. आणि तुमास्नी तर त्यास्नी परत आणायचंय न्हवं?”

त्यांचं खरं होतं. भांडायला माणूस सापडला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले आधी घेता येणार नाही, पुढं ढकलू नका. तिकीट बदललं. निघताना बायकोनं आईचे धुतलेले गाऊन, पॅड, टॉवेल एका पिशवीत भरून दिले आणि कुठली वस्तू कधी लागेल ते मला दोनदा समजावलं. आई खाटेवर बसून ऐकत होती.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं विचारलं, “सोबत बाईमाणूस कोण हाय?”

“कोणी नाही. मी आहे,” मी म्हणालो आणि पिशवी पुढं केली.

आईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि स्वतःच्या मांडीवर ठेवली. माझ्याकडं न बघता म्हणाली, “अवसंलाच घ्यायची हुती तिला घरात.”