चुकलेला चंद्रोदय

“चंद्र डोक्यावर आला तरी तुमच्या कॅलेंडरात उगवला नव्हता! सासूबाई उपाशी ताटकळल्या.”

संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून लालबागच्या आमच्या प्रेसमध्ये असे फोन येत होते. शेठ थेट नंदाताईंच्या टेबलापाशी गेले.

“ती वेळ दुरुस्त करायला सांगितली होती ना?”

“केली होती, शेठ. सेव्हसुद्धा केली.”

“मग काय, चंद्राने बदलली?”

सगळे हसले. मीही हसलो.

नंदाताई डीटीपी ऑपरेटर, म्हणजे कॅलेंडरची पानं कॉम्प्युटरवर लावणाऱ्या. पानांच्या फायली सर्व्हरवर, सगळ्यांच्या सामायिक कॉम्प्युटरवर असत. प्रत्येकाच्या मशीनवरून त्या उघडून देणारा प्रोग्राम मी लिहिला होता. एकाने फाईल घेतली की तिला लॉक लागायचं. त्याचं काम संपेपर्यंत ती दुसऱ्याला मिळायची नाही. चाळीतल्या संडासाच्या कडीसारखं.

शेठनी विचारलं, “काका, तुमच्या प्रोग्रामचा तर घोळ नाही ना?”

मी टेस्ट केली. एका मशीनवर बदल सेव्ह केला, उठलो, पलीकडच्या मशीनवर जाऊन फाईल उघडली. बदल जागेवर. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

“प्रोग्राम ओके,” मी सांगितलं.

नंदाताईंना पॅकिंगला बसवलं. येता-जाता पोरं विचारायची, “ताई, सेव्ह केलं का?”

पुढे दुसरा ऑपरेटर प्रकाश माझ्याकडे आला. त्याचीही दुरुस्ती गायब झाली होती. या वेळी मी त्याला पलीकडच्या मशीनवर बसवलं. “मी ‘झालं’ म्हटलं की लगेच उघड.”

जुनंच पान उघडलं.

माझा प्रोग्राम मजकूर सर्व्हरवर पोचण्याआधीच लॉक काढत होता. तेवढ्यात दुसरा जुनं पान उचलायचा, त्यात जाहिरात लावायचा आणि दुरुस्त पानावर सेव्ह करायचा. मला हे दिसलं नाही ते माझ्या गुडघ्यांमुळे. मी एका खुर्चीवरून दुसरीवर जाईस्तोवर मजकूर आरामात पोचायचा.

आधी मजकूर पोचवायचा, मग लॉक काढायचं. एवढाच क्रम बदलला. प्रकाशला म्हणालो, “नेटवर्क स्लो होतं रे.” शेठना म्हणालो, “किरकोळ अपडेट टाकलाय.” नंदाताई पॅकिंगलाच राहिल्या. मग नोकरी सोडून गेल्या.

गेल्या महिन्यात शेठना खरं सांगितलं आणि घोडपदेवला नंदाताईंच्या घरी गेलो.

“शेठ परत बोलावतायत.”

“नको, काका. मी दुसरीकडे लागले.” त्यांनी चहा पुढे ठेवला. “मी सेव्ह केलं होतं, हे मला ठाऊकच होतं. तुम्हाला कधी कळलं?”

मी सांगितलं. त्यांनी माझा कप उचलून आत नेला.

लॉकची टेस्ट करायला दोन माणसं लागतात. एकटाच दोन्ही खुर्च्यांवर बसला, की निकाल त्याच्याच बाजूने लागतो.