मधूबरोबरची डोंगरशर्यत

मधूचं मरण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, झाडीत कुठला तरी पक्षी ओरडतोय.

लोहगडाच्या चढावर होतो आम्ही. थंडीचे दिवस. सकाळचं धुकं इतकं, की पुढच्या जोडीचे फक्त पाय दिसत होते.

चढ आला की पक्षी जोरात. सपाटी आली की हळू.

मग कळलं. शिट्टी मधूच्या छातीत वाजत होती.

आज त्याला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. नव्या मित्रांना तो माहीत नाही, म्हणून लिहितोय.

मधू पिंपरीचा. आयटीआयपासूनचा माझा दोस्त. दोघं चिंचवडच्या एकाच कंपनीत, मी टूलरूमला, तो फाउंड्रीत. ओतकाम झालं की लोखंडाला चिकटलेली वाळू खरवडायची आणि ग्राइंडर मारायचा, हे त्याचं काम. शिफ्ट सुटली की त्याच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. धुळीवर उपाय म्हणून कंपनी त्या खात्याला रोज गूळ द्यायची.

आणि मधू धावायचा. कंपन्यांच्या स्पोर्ट्समध्ये त्याच्या पुढे कुणी नसायचं.

पुण्यातल्या एका क्लबने दोन दिवसांची डोंगरशर्यत ठेवली, तेव्हा आमची नावं त्यानेच दिली. जोडीने धावायचं. अंथरूण-शिधा आपापल्या पाठीवर. प्रत्येक चौकीवर दोघांनी एकत्रच पोचायचं. पहिल्या दिवशी लोहगड-विसापूर करून पवनेकाठी मुक्काम, दुसऱ्या दिवशी तिकोना चढून कामशेतला शेवट.

मला वाटलं होतं, तो मला ओढत नेणार.

विसापूरच्या चढाला तो सारखा थांबायला लागला. बुटात खडा गेलाय म्हणायचा. बूट काढायचा, झटकायचा, सावकाश नाडी बांधायचा.

तिसऱ्यांदा मी नीट बघितलं. बुटातून काहीच पडलं नाही.

मी पुढे बघून चढायला लागलो. 

मुक्काम एका शाळेच्या ओट्यावर होता. क्लबबरोबर एक डॉक्टर आले होते, पाय मुरगळले-सोलले बघायला. त्यांनी मधूची शिट्टी लांबूनच ऐकली आणि त्याला जवळ बोलावलं. छाती तपासली. पाठ तपासली. मग काम काय करतोस, विचारलं. मधूने सांगितलं.

"तुमच्या खात्यात आणखी कुणी खोकतं?"

"सगळेच खोकतात डॉक्टर," मधू म्हणाला. "त्याचं काय एवढं."

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप काढला आणि बराच वेळ हातातच धरून ठेवला. उद्या धावायचं नाही, पुण्याला जाऊन एक्स-रे काढायचा आणि त्या खात्यात परत पाऊल ठेवायचं नाही, एवढंच म्हणाले.

सकाळी मी सॅक भरली ती घरी जायला. मधू बूट घालून तयार.

मी सांगून बघितलं. चिडूनही बघितलं.

"चल राव," तो म्हणाला. "किती उरलंय ते बघू दे मला."

मी नकाशा उघडला. तो नकाशाकडे बघतच नव्हता.

तिकोन्याच्या शेवटच्या उभ्या पायऱ्यांवर तो बसला. ओठ जांभळे. नखं जांभळी. मागच्या जोड्या आमच्या अंगावरून पुढे जात होत्या. कुणीतरी गंमत केली, जेवण जास्त झालं का म्हणून. मधू हसला, पण हसण्यापुरता श्वास नव्हता त्याच्याकडे.

दोन्ही सॅक मी घेतल्या. वर न जाता उतरलो. कामशेतला पोचलो तेव्हा मंडप सुटला होता, माणसं निघून गेली होती. टपरीवर चहा घेतला. मधूने कप दोन्ही हातांनी धरला होता.

पुण्यातल्या सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. दोन्ही फुप्फुसांवर खसखस सांडल्यासारखे ठिपके. ही वाळू आहे, तिथले डॉक्टर म्हणाले. ती निघत नाही.

मधू घरी काही बोलला नाही. पण पुढच्या रविवारी त्याने आख्ख्या खात्याला घोरावडेश्वरच्या डोंगरावर बोलावलं. सांगितलं, सहल आहे, वर भेळ करू. सगळे पंचविशी-तिशीतले गडी, हसत-खिदळत चढायला लागले.

अर्ध्या पायऱ्यांवर पहिला बसला. मग दुसरा. मग तिघं एकदम.

हसणं बंद झालं. त्या पायऱ्यांवर इतक्या छात्यांतून एकदम येणारा तो आवाज मला अजून झोपू देत नाही.

सगळ्यांच्या मागून, एकेक पायरी करत, मधू वर आला.

"कळलं का आता?" त्याने विचारलं. "उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. सगळे."

सगळे गेले. त्या दिवशी खात्यात एकही ग्राइंडर फिरला नाही. धमक्या आल्या, नोटिसा लागल्या, पण शेवटी धूळ ओढणारे पंखे बसले. काही जणांना दुसरं खातं मिळालं.

मधूला उशीर झाला होता. शेवटच्या हिवाळ्यात त्याला आडवं होता येत नसे. खुर्चीत बसून झोपायचा, आणि वहिनी थंडीतसुद्धा खिडकी सताड उघडी ठेवायच्या. तो गेला त्याच खुर्चीत.

पहिली शिफ्ट करून सगळं खातं तसंच खाकी कपड्यांत आलं. प्रत्येकाला खांदा द्यायचाच होता.

नदीकाठच्या स्मशानापर्यंतचा रस्ता सपाट. तरी थोडं चाललं की कुणीतरी हात वर करायचा, आणि आम्ही तिरडी टेकवायचो.

दुसरे यायचे. तेही थांबायचे.

नदी समोर दिसत होती, आणि आम्ही पोचत नव्हतो.

मधू, दोस्ता, तुझी खूप आठवण येते.

शेवटचा जय भीम.