पहिल्या शिडीचा मान

संघ म्हणे! आमच्या ओटीवर बसून माझा चहा ढोसायचा आणि पानाच्या पिचकाऱ्यांनी माझं अंगण रंगवायचं, ह्याला हे मेले संघ म्हणायचे. वर अध्यक्ष कोण, तर गावातले एक वकीलसाहेब. आगबोटीतून उतरताना ज्यांना दोघांनी बगलेत धरावं लागायचं, ते खलाशांचे पुढारी!

तेव्हा मुंबईची आगबोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राहायची आणि आमचे पडाव वल्हवत जाऊन माणसं उतरवून आणायचे. पडाव चालवणारा तो तांडेल; सगळ्यांत जुना तांडेल असेल त्याचा पडाव आधी बोटीच्या शिडीला लागायचा. वरच्या वर्गाचे उतारू त्याला, बक्षिशी त्याला. शेवटच्याच्या वाट्याला गोणी आणि कोंबड्यांचे खुराडे. आधी लागण्याच्या मानाला पहिली शिडी म्हणत. आधीच्या म्हाताऱ्या तांडेलाला दिसेनासं झालं तेव्हा ती शिडी आमच्या ह्यांच्याकडे आली. त्या दिवशी हे असे छाती काढून घरी आले की मला हसू आवरेना.

पण तोवर ह्यांचा उजवा खांदा गेला होता. इतकी वर्षं लाटांशी झुंजून दुसरं काय होणार? हात कानाच्या वर जात नसे. सकाळी सदऱ्याची बाही मी चढवायची, संध्याकाळी मीच ओढून काढायची. अशात पडाव ज्याच्या मालकीचे, त्या ठेकेदार शेठने मोटारलाँच आणली. वल्ही नाहीत, नुसतं चाक धरून बसायचं, आणि पगार बारमाही. पहिली शिडी ज्याची, लाँच त्याची, हे सगळं बंदर धरून चाललं होतं. मीसुद्धा. एवढी लाँच मिळाली की ह्यांच्या खांद्याला विसावा मिळेल, माझं मागणं तेवढंच होतं.

शेठ मात्र पक्का बेरकी. त्याने करारनामा पुढे केला. आमच्याकडे रीत अशी की पावसाळा तोंडावर आला की पडाव किनाऱ्यावर ओढून झापांनी शाकारायचे, प्रत्येक तांडेलाने आपलं सुकाणू काढून शेठच्या पडवीत नेऊन ठेवायचं आणि भाताच्या लावणीला गावी जायचं. नारळी पौर्णिमेला शेठ नारळ-विडा द्यायचा, सुकाणू परत करायचा. वाडवडिलांपासूनची रीत, कोणाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. करारात शेठने लिहिलं, की सुकाणू ठेवलं म्हणजे नोकरी सोडली आणि नारळ घेतला म्हणजे नव्याने लागली. म्हणजे कोणी जुना नाही की नवा नाही, सगळे गेल्या पौर्णिमेचे! लाँच कोणाला द्यायची ते शेठची मर्जी. शाबास रे शेठ! आमच्याच हातांनी आमचं सुकाणू काढून घेतलं आणि वर नारळ दिला.

मग संघाची बैठक. ते कलम निघेपर्यंत पडाव काढायचे नाहीत, असं ठरलं. कधी? वकीलसाहेब म्हणाले, "शिमग्याच्या बोटीला! बोट माणसांनी फुटत असेल, शेठ पाय धरत येईल."

मी आतून विचारलं, "त्या बोटीतून येणार कोण? ह्या सगळ्यांचे भाऊ आणि मुलगेच ना?"

वकीलसाहेब हसले. "वहिनी, हे डावपेच आहेत. तुम्ही चहाचं बघा."

बघितलं चहाचं. दुसरं काय करणार?

शिमग्याची बोट आली. धक्क्यावर सगळे तांडेल हाताची घडी घालून उभे. बोटीने भोंगा दिला, एकदा, दोनदा. कठड्यावरून माणसं हाका मारू लागली. नाटे गावचा एक तांडेल होता, संघाचा चिटणीस, घोषणा द्यायला सगळ्यांत मोठा गळा त्याचा. त्यालाच आधी घाम फुटला. "माझी सासू आहे रे त्यात," म्हणाला. "फक्त तिला उतरवतो. आपल्या घरच्या माणसांना आणलं तर संप मोडत नाही." पण एका सासूसाठी पडाव रिकामा कसा आणायचा? तिच्यासोबत वाडीतले चार जण बसवले. लगेच दुसरा म्हणाला, माझा मुलगा. तिसरा म्हणाला, माझ्या वाडीची पालखीची माणसं. प्रत्येकाने आपापली माणसं आणली, आणि असं करता करता सगळी आगबोट रिकामी झाली! एका उतारूचं पाऊल अडलं नाही. आणि प्रत्येक जण शपथेवर सांगत होता की संप चालू आहे. अक्कल गहाण टाकलेली माणसं!

हे एकटे हलले नाहीत. ह्यांचा सख्खा भाऊ बोटीत होता. तो चिटणिसाच्या पडावातून उतरला आणि ह्यांना म्हणाला, "दादा, तू का नाही आलास न्यायला? तुझी तब्येत बरी नाही काय?" ह्यांनी त्याची वळकटी डाव्या खांद्यावर घेतली आणि घरी आले.

लाँच चिटणिसाला मिळाली. सासूला उतरवल्याचं बक्षीस! वकीलसाहेबांनी त्याचा सत्कार ठेवला, कामगाराची उन्नती म्हणे. ह्यांना शेवटची शिडी. गोणी, कोंबड्या आणि दुखरा खांदा. माझा नुसता संताप होत होता.

पावसाळा आला तेव्हा ह्यांनी सुकाणू शेठच्या पडवीत नेलं नाही, घरी आणलं. "ठेवलंच नाही, तर सुटलीच नाही ना नोकरी?" मला म्हणाले. पहिल्यांदाच त्या कराराला कोणीतरी तोडीस तोड उत्तर दिलं होतं. वकिलाला नाही सुचलं, ह्यांना सुचलं. मनातून मला फार अभिमान वाटला.

नारळी पौर्णिमेला हे सकाळीच धुतलेला सदरा घालून ओटीवर बसले, सुकाणू शेजारी उभं करून. शेठला सुकाणू हवं तर माणूस पाठवावा लागेल, असा हिशेब. दुपार झाली. धक्क्यावरून लाँचचा भोंगा आला. कोणी आलं नाही. संध्याकाळी शेजारीण सांगत आली, शेठने सुताराकडून नवीन सुकाणू करून घेतलंय आणि आमच्या पडावावर दुसरा तांडेल बसवलाय.

ती गेल्यावर हे आत आले आणि माझ्यापुढे उभे राहिले. मी म्हटलं, "हात वर करा." त्यांना तो करता येईना. मग मीच हळूहळू बाही ओढून काढली आणि सदरा पुन्हा घडी करून ठेवला.