व्यवसाय कराची ती दोन पानं

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. चंदीगडमध्ये इतकी वर्षं एका छताखाली काढली, पण ही एक गोष्ट — आज तुम्हाला सांगतोय, तीही अडखळतच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कोल्हापूरहून इथल्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला आलो. कौर मॅडम शेजारच्या विभागात. बस डेपोतल्या मेकॅनिकांची फुप्फुसं त्या दर हिवाळ्यात नळीत फुंकायला लावून तपासायच्या — नऊ वर्षं, तीच माणसं. धुरात राबून माणसाचा श्वास किती कमी होतो, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. आकडेमोड मी करून द्यायचो. आमची मुलगी झाली तेव्हा इथे आमचं कोण होतं? दवाखान्यात बायकोच्या उशाशी त्याच बसल्या होत्या.

मग अनुदान आटलं. आता पैसा बाहेरून उभा करा, असं वरून सांगण्यात आलं. मेकॅनिकांच्या श्वासासाठी कोणती कंपनी पैसे देणार?

एका दुपारी मी म्हणालो — हो, मीच — की आमच्याकडे पगारातून व्यवसाय कर कापतात, रोजगार हमीच्या कामांसाठी म्हणून तो सुरू झाला. इथे असा कर नाही. शहरातल्या पगारदारांवर थोडासा बसवा आणि तो संशोधनाला द्या, अशी मागणी आपण प्राध्यापकांनीच केली तर?

मॅडमचा चेहरा उजळला. "लिख के दीजिए ना, भाईसाहब."

मी दोन पानं लिहून दिली. त्यांनी ती टाइप करून शिक्षक संघटनेच्या बैठकीत मांडली. खाली सही एकट्या त्यांचीच. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती, म्हणून माझं नाव त्यांनीच वगळलं होतं.

सभा भडकली. आमचेच पगार कापणार? अध्यक्षांनी विचारलं, "किसका आइडिया है ये?" मॅडम फायलीतली पानं चाळू लागल्या. तेवढ्यात कुणीतरी माझ्याकडे बोट दाखवलं — हा कर तर यांच्या महाराष्ट्रात असतो ना?

सगळे वळले. आणि मी — मी उभा राहून म्हणालो, "मॅडम ने सिर्फ पूछा था, वहाँ कैसे कटता है. मैंने तो मना किया था."

मना किया था! हे मला कुणी विचारलंही नव्हतं. ते मी पदरचं घातलं.

माझ्या अक्षरातली पानं त्यांच्या फायलीत होती. फाइल मांडीवर उघडीच होती. मला माझं अक्षर दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फाइल मिटली आणि म्हणाल्या, "जी, आइडिया मेरा ही है."

त्यानंतर लोक त्यांच्याशी तुटक वागू लागले. प्रकल्पाच्या मुदतवाढीला सहकाऱ्यांच्या शिफारशी हव्या होत्या. कुणी दिल्या नाहीत. मी दिली का? पेपर तपासायचे आहेत, असं सांगून मी टाळलं. मॅडमनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. प्रकल्प बंद पडला.

त्या हिवाळ्यात बलबीर नावाचा मेकॅनिक विभागात आला. मॅडम रजेवर होत्या, भेटलो मी. "इस बार फूँक मारने नहीं बुलाया जी?"

"चिट्ठी आएगी," मी म्हणालो. जिना उतरताना तो दोनदा कठड्याला धरून थांबला. मी वरून बघत होतो. काय करू शकत होतो? — नाही, हा प्रश्न विचारायचा मला हक्क नाही.

मॅडम मुदतीआधीच निवृत्त होऊन जवळच्या खरड गावी भावाकडे राहायला गेल्या. मी पक्का झालो, पुढे बढती मिळून रीडरही झालो. त्यांच्याकडे जायचं दर वर्षी ठरवत होतो.

गेल्या महिन्यात त्या गेल्या. गुरुद्वाऱ्यात त्यांच्या भोगाला, म्हणजे मृत्यूनंतरच्या अखेरच्या पाठाला गेलो. माझ्या मागे कुणीतरी हळूच विचारलं, कोण होत्या या? विद्यापीठातला एक जुना प्राध्यापक म्हणाला, "अरे वही, टॅक्सवाली मॅडम."

मला स्वच्छ ऐकू आलं. मी डोक्यावरचा रुमाल सारखा केला आणि तसाच बसून राहिलो.