चाचांच्या पाखराचं कोरं पीस

अख्ख्या नंदुरबारात धडधाकट माणसाचा एवढा कंटाळा करणारा दुसरा माणूस नसेल. आमचे फ्रेमवाले चाचा! तुम्ही त्यांच्याकडे लग्नाचा फोटो फ्रेमला टाका, तुमचं पोरगं बालवाडीत जाईल तरी तो दुकानाच्या कोपऱ्यात तसाच उभा असेल. घाई करायला गेलात तर वर ऐकून घ्यावं लागेल, "लगीन झायं ना? मंग फोटो कुठे पळी जास?" पण अमक्याचा पाय मोडला, एवढं नुसतं कानावर येऊ द्या. काच कापायचा हिरा तिथल्या तिथे ठेवून, शटर अर्धं ओढून चाचा निघालेच. बगलेत चादरीत गुंडाळलेलं पाखरू.

पाखरू म्हणजे चित्र. एका पारशी बंगल्यातला जुना आरसा दुरुस्तीला आला होता, त्याची मागची फळी उघडली तर आतून पाच चित्रं निघाली. हमिंगबर्ड म्हणतात तसली अंगठ्याएवढी परदेशी पाखरं, आपल्याकडे औषधालाही न सापडणारी. मालकाला परत द्यायला गेले तर तो म्हणाला, रद्दी आहे, ठेवा. पुढे कॉलेजातल्या एका सरांनी भिंग लावून सांगितलं की ही दीडशे वर्षांपूर्वीची आहेत, धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेली आणि मग एकेक करून हाताने रंगवलेली. ओळीने बाया बसायच्या म्हणे, एकीकडे लाल रंग, दुसरीकडे हिरवा. झालं! त्या दिवसापासून चाचा त्या बायांना शेजारणी असल्यासारखे ओळखतात. "लालवाली मन लाईसन काम करे," ते सांगतात, "पन हिरवीवालीले घर जावानी घाई. देखा, कशी रेघना बाहेर गयी!" आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईवर मनापासून चिडतात.

चाचांचं म्हणणं असं, की खाटेवर पडलेल्याला दिवसभर समोरची भिंतच दिसते, आणि नुसती भिंत बघून कोण बरं होणार? म्हणून खाटेसमोर ते स्वतः खिळा ठोकतात, पाखरू लावतात आणि माणूस उठून चालायला लागला की काढून नेतात. एक पैसा घेत नाहीत, पण जाच किती! पाखरावर ऊन नको, उदबत्तीचा धूर नको, फोडणीचा वास नको. आणि तपासणीला कधी उगवतील याचा नेम नाही. टायफॉइडने पडलेल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याने शेजारी बँकेचं कॅलेंडर टांगलं, तर चाचांनी तापातल्या माणसाला झाप झाप झापलं आणि पाखरू उचलून चालते झाले. चिंचपाड्याच्या दवाखान्यात कुणी ओळखीचं असलं की रेल्वेने पाखरू मांडीवर घेऊन जातात, आणि डब्यात कुणी पेंगत अंगावर आलं तर भांडतात.

आमच्या घरी पाखरू आलं ते गेल्या दिवाळीच्या आधी. आमच्या हिला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, जीभही शाबूत राहिली, पण उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, चालवत राहिलात तर हात येईल, नाही तर असाच राहील. व्यायामाला रबरी चेंडू दिला. तिने त्याला बोट लावलं नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, गल्लीला ऐकू जाईल असा आवाज, ती भिंतीकडे बघून गप्प पडून राहायची. माझी तर पाचावर धारण बसली होती.

चाचांनी येऊन खिळा ठोकला, पाखरू लावलं. नवव्या दिवशी तपासणीला आले तेव्हा ही खाटेवरून म्हणाली, "चाचा, शेपटीमा तिसरं पीस कोरं शे."

"काहीबी काय, बेटी? तीस वरीस झायात, मी रोज देखस." पण चाचांनी चष्मा लावून चित्र खिडकीशी नेलं. खरंच, तेवढ्या एका पिसाच्या नुसत्या रेघा, आत पांढरा कागद. वह्या तपासलेली नजर ती, सुटते कशी! "निळीवालीनं सोडी दिन्हं," चाचा पुटपुटले. दोन दिवस त्यांनी दुकान उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी आले ते रंगाची पेटी आणि बारीक कुंचला घेऊन. "बेटी, आते तूच भर."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "अहो चाचा, एवढी जुनी चीज, हिच्या हातात चमचा राहत नाही!"

"भाऊ, तुमले कोन इचारस?"

ही म्हणाली, "आधी सराव करसू. एकदम पक्क्या वहीवर लिखतस का?" आणि रद्दीच्या पेपरावर सराव सुरू झाला. कुंचला गळून पडायचा, म्हणून मी तो बोटांना नाडीने बांधून द्यायचो. चाचा रोज दुपारी दारात उभे राहून विचारायचे, "आज?" ही म्हणायची, "नही." हिवाळा असा गेला. मधल्या मध्ये हात पेला धरायला लागला, गुंड्या लावायला लागला. मला दिसत होतं, पण दृष्ट लागेल म्हणून बोललो नाही.

होळीच्या आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "चाचा, काच काढा." चाचांनी काच काढली आणि अंगणात जाऊन पाठ फिरवून उभे राहिले. त्यांना बघवत नव्हतं. मलाही नव्हतं, पण मी दाराला धरून उभा होतो. निळा रंग पिसात उतरला, शेवटी केसभर बाहेर गेला. तिचे डोळे भरले. चाचांनी आत येऊन भिंगातून बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "दीडशे वरीस थांबनं व्हतं बिचारं."

चारच दिवसांनी खांडबाऱ्याच्या एका शिंप्याची कंबर मोडल्याचं कळलं आणि चाचा पाखरू न्यायला आले. मी म्हटलं, "हे तेवढं राहू द्या, दुसरं न्या." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच बाजूला सरकलो. हिने खिळ्यावरून चित्र काढलं, दोन्ही हातांनी, आणि त्यांच्या हातात दिलं. चाचांनी चादरीत गुंडाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला, मग सायकलवर टांग टाकली आणि मागे न बघता स्टेशनकडे निघून गेले.

मोकळ्या भिंतीकडे बघून मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. पाच महिन्यांनी. "काय देखी ऱ्हायनात तठे? जेवाले बसा," ही ओरडली, गल्लीला ऐकू जाईल अशी. भाकरी एका कडेला जाड होती आणि जरा कच्ची होती. मी तीन खाल्ल्या.