आमच्या ह्यांचं ‘हो’

नवऱ्याचं नाव घ्यायला मी काई लाजत न्हाई. हरिओम. सिरसाळ्यात कुणालाबी इचारा, आसाराम मेंढरंवाल्याचा पोरगा म्हनून घर दाखवतील. मामंजींना वाटलं होतं पोरगा मेंढरं हाकंल. हे शिकले, आन् आता घरात बसून पुण्याच्या कंपनीचं काम करतेत. काय काम, ते लग्नाला तीन वर्षं झाली तरी माझ्या टाळक्यात शिरलं न्हाई. म्हनतेत, कंप्युटरला काम सांगायची रस्ट नावाची भाषा हाय. मी मोबाईलमदी अर्थ काढला तर निघाला गंज! आता गंजात कावून लिहायचं बाई, दुसरी चांगली भाषा मिळाली न्हाई का? इचारलं तर नुसते हसतेत.

मानूस गुणाचा. आवाज चढवत न्हाई, तंबाखूला शिवत न्हाई. खोड एकच, कशालाबी ‘हो’ म्हनायचं. गॅस संपला सांगा, हो. नळाची तोटी गळायली, हो. आन् मंग काईच न्हाई. भांडावं तरी कशावरून? मानूस तर हो म्हनलेला!

ह्या येळंला मात्र माझा जीव टांगणीला लागलता. माझी आई, चंद्रभागाबाई, युसूफ वडगावला असती. तिचा एक डोळा कवाच गेलेला, दुसऱ्याचं अंबाजोगाईला ऑपरेशन ठरलं. फोनवर म्हनली, “पट्टी बांधायच्या आधी ये गं सत्यशीला. पुन्हा दिसंल न दिसंल, काय सांगावं? तुझं तोंड बघून आत जाईन.” ह्यांना सांगितलं. म्हनले, “हो, गाडीवर जाऊ.” त्याला आठ दिवस झाले.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच साडी नेसून, पिशवी भरून मी तयार. हे लॅपटॉपपुढं डोकं धरून बसलेले.

“जायचं ना वो?”

“हो, पाचच मिनिटं. काय चुकलंय तेच कळंना.”

“काय कळंना?”

“ह्या प्रोग्रामनं कंपनीच्या चार गोदामांना एकदमच इचारायचं, माल हाय का म्हनून. एकाचं उत्तर येईस्तोवर दुसऱ्यानं ताटकळायचं न्हाई. कंपाइलर, म्हंजे आपलं लिहिलेलं आधी तपासून मंगच चालू देनारा, त्यो बी बरोबर हाय म्हनला. पन गोदामाला काई पोचतच न्हाई!”

मला काय कळनार, कप्पाळ! ऊन अंगणात उतरलं. पिशवी खांद्यावरून काढावी का न्हाई, तेबी मला सुचंना. मंग एकदम ह्यांनी मांडीवर थाप मारली.

“कंपाइलरची इशाऱ्याची पिवळी ओळ आलती की गं! मी वाचलीच न्हाई. ह्या भाषेत रिक्वेस्ट, म्हंजे गोदामाला करायची इचारना, नुसती बनवली म्हनून ती निघत न्हाई. तिच्या उत्तराची वाट बघतो, असं बी लिहावं लागतं. मंगच काम सुरू. मी ते लिहिलंच न्हाई.”

“मंग तोवर ती काय करती?”

“काईच न्हाई. पडून राहती. नुसता शब्द दिल्यावानी.”

माझं डोकं गरगरायलं. पुन्हा मनात जुळवून बघितलं, तरी जुळंना.

“मंग मला एक सांगा,” मी म्हनलं, “मी आठ दिवस वाटच बघायलेय. तुमच्या नियमानं माझं काम व्हायला पायजे होतं. माझं कावून होईना?”

हे उठले. लॅपटॉप तसाच उघडा टाकून गाडीची किल्ली हुडकायला लागले.

अंबाजोगाईला पोचलो तवर ऑपरेशन करून आईला बाहेर आनलं होतं. डोळ्यावर पांढरी पट्टी. तिनं माझं तोंड चाचपलं, गाल, नाक, कपाळ.

“उशीर कावून केलास गं? मी डॉक्टरला लई येळ थांबवलं. मंग त्ये म्हनले, आता न्हाई थांबता येत.”

मला वाटलं, आता हे गोदामाचं, पिवळ्या ओळीचं काईबाई सांगतील.

“माझ्यामुळं झालं, मावशी,” हे म्हनले. “पट्टी सुटंस्तोवर आमी हितंच हाव.”

“खरंच का, जावईबापू?”

ह्यांनी ‘हो’ न म्हनता चपला कॉटखाली सरकवल्या आन् फरशीवर बसले. आई हवेत हात फिरवून त्यांना हुडकायली होती. मला राग बी धरता येईना, आन् रडू बी थांबंना.